एकसष्टावा मोती

अगं ऐक ना! आधी तो मोबाईल पालथा ठेव, मांडी घालून नीट बस आणि मध्ये बोलू नकोस. काल दुपारी कारंजेबागेत काय झालं ते ऐकलंस ना, तर तुझा चहा हातातच गार होईल, सांगून ठेवते!

कारंजेबागेच्या फाटकाशी बकुळीचं मोठं झाड आहे बघ. त्याच्या सावलीत एक बाई सतरंजी टाकून बसते. शेजारी पुठ्ठ्याची पाटी: 'मोती, पोवळी, काळे मणी गाठवून मिळतील.' ती शेवूची आई. आणि शेवू म्हणजे नऊ वर्षांची चिमुरडी. दोन घट्ट वेण्या, उसवलेला फ्रॉक, पण त्या उसवलेल्या जागेवर तिनेच टाके घालून काढलेलं इवलंसं निळं फुलपाखरू. घर म्हणजे एक खोली, पाऊस आला की खोलीत तीन पातेली मांडायची, असं सगळं. पण आईचा हात म्हणजे हात होता! माळ ओवायची, तर प्रत्येक दोन मोत्यांच्या मध्ये एक बारीकशी गाठ. मोहरीच्या दाण्याहून बारीक! का? तर उद्या माळ तुटलीच, तर एकच मोती पडेल, बाकीचे जागच्या जागी राहतील. अख्खं गाव डोळे मिटून तिच्या ओंजळीत मोती टाकायचं. या दोघींकडे दुसरं होतंच काय गं? हा विश्वास, बस्स.

तर काल दुपारी दोन वाजता रांगणेकरकाकू आल्या. स्कूटरवर, हातभर मेंदी, केसांत अर्धाच गजरा.

"अहो ताई, घात झाला! लेकीचं, मृण्मयीचं आज लग्न, गोरज मुहूर्त, आणि ही माळ बघा, दोरा नुसता पिंजलाय. माझ्या सासूबाईंची माळ. एकसष्ट मोती. साडेपाचला येते मी, काय?"

"या निवांत," आई म्हणाली. "तयार असेल."

काकू भुर्रकन गेल्या. माळ सतरंजीवर अशी काही झळकत होती, जणू चांदण्यांची पिल्लं एका रांगेत झोपलीयेत. दुधाळ, गुलाबीसर, टपोरी टपोरी. शेवू बघतच राहिली. आणि तेवढ्यात, अगं, शेजारच्या चहावाल्याची किटली कलंडली! उकळता चहा थेट आईच्या उजव्या हातावर. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. गाठ मारायची नेमकी तीच तीन बोटं!

आईने ओठ घट्ट दाबून हात नळाखाली धरला. बोटं लालेलाल झाली.

"शेवू, मी दवाखान्यात जाऊन येते. माळेची राखण कर. हात नाही लावायचा हं, बाळा. नुसती राखण."

"हो आई."

आता तूच सांग, आई गेल्यावर नुसती राखण कशी करवणार? बागेच्या मनोऱ्यावरच्या घड्याळात पावणेतीन वाजले होते. शेवूला वाटलं, जुना दोरा तरी काढून ठेवावा. आई आली की तिचं तेवढं काम वाचेल. तिने ताट घेतलं, त्यात फडकं पसरलं, माळ ठेवली आणि कात्री चालवली. कच्!

आणि तिथेच चुकली बिचारी. आई नेहमी फडकं ओलं करून पिळून पसरायची. ओल्या फडक्यावर मोती चिकटून राहतो, घरंगळत नाही. शेवू ते साफ विसरली. त्यात ती माळ आधी कुणी ओवली होती कोण जाणे, मध्ये एकही गाठ नव्हती! टपटपटपटप... मोती सुटले ते उड्याच मारत सुटले. ताटात, सतरंजीवर, बकुळीच्या मुळांत. शेवूने झडप घालघालून गोळा केले. मोजले. साठ. पुन्हा मोजले. साठ. सतरंजी झाडली, पाला उपसला, मुंग्यांच्या बिळात काडी घातली.

साठच!

आता गाव काय म्हणणार? 'हिच्याकडे देऊ नका हो, हिच्याकडे मोती हरवतात.' आईची सतरंजी, ती पाटी, सगळं एका मोत्याबरोबर घरंगळत गेलेलं तिला दिसलं.

शेवू रडत रडत हिरवळीच्या पलीकडे शोधायला निघाली आणि तेवढ्यात वरून बारीक आवाज आला.

"अगं मुली, रडून झालं की जरा इकडे बघशील? मी अडकलेय."

बकुळीच्या फांदीवर आईने मोतिया रंगाच्या रेशमाची लड टांगली होती. तिच्यात काहीतरी लुकलुकत होतं. काजवा? दिवसा? शेवू टाचा उंचावून बघते तर काय, परी! खरीखुरी! अंगठ्याएवढी. कोवळ्या पोपटी रंगाचा झगा, बकुळीच्या फुलाची टोपी, आणि पाठीवर दोन पंख, साबणाच्या फुग्यासारखे, त्यांत सात रंग फिरतायत. आणि त्या पंखांभोवती रेशमाचा हा असा गुंता!

"ओढू नकोस गं," परी कळवळून म्हणाली. "पंख फाटेल."

शेवूने गुंता बोटांनी सोडवून पाहिला. सुटेना. उलट आवळत चालला. कापला तर परी सुटणार, पण तेच एक रेशीम होतं या माळेसाठी. मोतिया रंगाचं, अखंड. तुकडे झाले तर माळ ओवायची कशात?

परीचा इवलासा पंख थरथरत होता.

शेवूने कात्री घेतली. कच्, कच्, कच्. परी टुणकन तिच्या तळहातावर उतरली आणि पंख झटकले, तर सोनेरी चमचम सगळीकडे उडाली, शेवूच्या नाकावर, वेण्यांवर.

"शहाणी माझी बाय! माझं नाव लुकलुकी. तू माझे पंख वाचवलेस, मी तुला दोन गाठी देते." असं म्हणून तिने समोरचा उन्हाचा एक कवडसा हातात धरला, सुताला पीळ द्यावा तसा पिळला, आणि त्याची झाली लखलखती दोरी. "एक गाठ मारायची आणि एक मागणं मागायचं. पण नियम ऐक हं नीट."

"ऐकते, परीताई."

"पहिला नियम. मारलेली गाठ उलगडता येत नाही. दुसरा. सूर्य त्या मनोऱ्याआड गेला की दोरी विरघळणार. आणि तिसरा सगळ्यात मोठा. मी हवेतून काही घडवत नाही, बाई. तू जे मागशील, ते कुठून तरी सुटून तुझ्याकडे येईल."

शेवूने डोकं हलवलं खरं, पण कान कुठे होते तिचे? तिने भराभर पहिली गाठ मारली. "मला मोती दे! अगदी या साठांसारखा!"

टप! तिच्या मुठीत मोती! तसाच दुधाळ, तसाच टपोरा. शेवू आनंदाने गिरकी घेणार, तोच बागेतल्या पाण्याच्या टाकीकडून कुणीतरी धडपडत येताना दिसलं.

ते होते तात्या. बागेचे माळी. फाटकाशी कुणालाच बसू देत नाहीत, पण शेवूच्या आईला बसू देतात. शेवूला रोज एक पेरू. काल त्यांच्या हातात पत्र्याची चपटी डबी होती, उघडी.

"पोरी, इथं कुठं मोती दिसला का गं?" तात्या गवतात बघत म्हणाले. "हिची नथ. बारा वर्षं झाली हिला जाऊन, मी रोज दुपारी उघडून बघतो आणि बंद करतो. आत्ता बघतोय तर मधला मोतीच नाही! डबी तर खिशातच होती गं. गेला कुठं?"

शेवूची मूठ एकदम गरम झाली. तिसरा नियम आत्ता कुठे तिच्या कानापासून पोटापर्यंत पोचला! कुठून तरी सुटून येईल. तो इथून सुटला होता.

अगं, काय वेळ बघ! तात्यांना काही माहीत नाही. मूठ बंद आहे. ताटात साठ, मुठीत एक. एकसष्ट! साडेपाचला काकू येणार, माळ गळ्यात घालणार, कुणाला काही कळणार नाही. तात्या तर जमिनीवर गुडघे टेकून, चष्मा पुसत पुसत गवताची पाती बाजूला करत होते. "म्हातारा झालो, मीच पाडला असणार," असं स्वतःलाच रागवत होते.

शेवूने लुकलुकीकडे पाहिलं. ती बकुळीच्या पानावर बसून पंख पुसत होती.

शेवूने डोळे मिटले. आणि मूठ उघडली.

"तात्या, हा घ्या. तुम्ही नाही पाडलात. माझ्यामुळे सुटला हा."

"तुझ्यामुळं? काहीतरीच!" तात्या रडता रडता हसले. "सापडला ना, झालं! पण आता हा बसवायचा कुणी?"

घड्याळात साडेतीन वाजले होते. इकडे साठ मोती पडलेत, दोरा तुटलाय, आई यायचीय. तरी शेवू खाली बसली. रेशमाचा एक तुकडा घेतला, सुईच्या टोकाने नथीच्या तारेतून ओवला, मोती बसवला आणि आई मारते तशी मोहरीएवढी गाठ मारली. घाईत दोनदा चुकली, दोनदा सोडली. तिसऱ्यांदा घट्ट बसली.

"हे तात्पुरतं आहे हं तात्या. आई तारेने पक्कं करून देईल."

तात्यांनी डबी बंद केली, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली आणि वरून तळहात दाबून धरला. "बसा तुम्ही मायलेकी. ह्या झाडाखाली जन्मभर बसा," म्हणाले आणि गेले.

शेवू परत आली सतरंजीवर. मोती साठ. गाठ एक उरलेली. सूर्य मनोऱ्यापासून वीतभर.

आणि आई आली. हाताला ही एवढी पांढरी पट्टी. "डॉक्टर म्हणाले, आठ दिवस हात हलवायचा नाही. डाव्या हाताने बघते जमेल तसं..." आणि मग तिची नजर ताटावर गेली. सुटे मोती. कापलेलं रेशीम.

"शेवू?"

शेवूने सगळं सांगितलं. कोरडं फडकं, साठ मोती, सगळं. फक्त परीचं नाही सांगितलं, कारण लुकलुकीने ओठांवर बोट ठेवलं होतं. आई ओरडेल, एक चापट तरी देईल, असं वाटलं तिला. आई नुसती खाली बसली. डाव्या हाताने ताटातले मोती पुन्हा मोजायला लागली. ते जास्त वाईट, नाही का गं?

"काकू आल्या की मी सांगेन," आई शेवटी म्हणाली. "आणि माळ निदान ओवून तरी देऊ. रेशमाचं सोड. गाठी मारायच्याच आहेत ना? तुकडा संपला की तिथेच दुसरा जोडायचा, गाठीत लपतो. तुलाही नाही सापडणार कुठे जोडलंय." तिने डाव्या हाताने सुई उचलली. ती पडली. पुन्हा उचलली. पुन्हा पडली. उजवा हात पुढे केला, तर वेदनेने डोळ्यांत पाणीच आलं.

शेवू झाडामागे धावली.

"परीताई! आईची बोटं बरी कर!"

"नियम आठव," लुकलुकी हळूच म्हणाली. "ही आग आईच्या बोटांतून सुटली तर कुठे तरी जाणारच. चहावाल्याच्या हातात? तात्यांच्या? कुणाच्या, ते मला नाही ठरवता येत."

सूर्य मनोऱ्याकडे सरकत चालला होता. दोरी एका टोकाकडून फिकी व्हायला लागली, अगदी दिसेनाशी!

"मग मी ठरवलं तर?" शेवूने विचारलं. "माझ्या बोटांत येऊ दे."

"खूप दुखेल गं, सोनुले."

"आईला दुखतंयच की."

आणि तिने दुसरी गाठ मारली. घट्ट.

आई गं! काय आग ती! उजव्या हाताच्या तीन बोटांत जणू निखारे ठेवलेत. शेवूने दुसऱ्या हाताने तोंड दाबून धरलं, एक हुंदकासुद्धा बाहेर येऊ दिला नाही. तिकडून आईचा आवाज: "अगं बाई! शेवू, आग थांबली बघ! डॉक्टरांनी औषध तरी कसलं लावलं?" आईने पट्टी सोडली. बोटं कोवळ्या गव्हासारखी, स्वच्छ!

मग आईचा हात जो सुटला! मोती, गाठ. मोती, गाठ. मोती, गाठ. सुई अशी नाचत होती की जणू चिमणी दाणे टिपतेय. शेवू डाव्या हाताने एकेक मोती पुढे करत होती, उजवा हात पाठीमागे. सव्वापाच झाले. पन्नास मोती. पंचावन्न. आईने माळ अडकवायच्या फाशाशेजारी दृष्ट लागू नये म्हणून इवलासा काळा मणी घातला. साठ. आणि मग एका मोत्याएवढी जागा रिकामी, रेशीम लोंबतंय.

पीं पीं! स्कूटर.

"झाली का हो माळ? मृण्मयी तयार होऊन बसलीय!" काकू पैठणी सावरत आल्या. आई उठून उभी राहिली, पण शेवू तिच्या पुढे झाली.

"काकू, एक मोती हरवला. आईने नाही. मी हरवला. आई नव्हती तेव्हा मी दोरा कापला."

काकूंचा चेहरा कसा झाला असेल तो तूच डोळ्यांसमोर आण.

"हरवला? एकसष्ट म्हणजे एकसष्ट होते हो! सासूबाईंनी मोजून दिले होते माझ्या हातात! आणि आज? आजच्या दिवशी?" मग त्यांचं लक्ष गेलं. "ए, तो हात का लपवतेस पाठीमागे? दाखव. मूठ उघड म्हणते ना!"

"काकू, माझी मुलगी चोर नाही," आई म्हणाली.

"मग उघडू दे ना मूठ!"

शेवूने हात पुढे केला आणि हळूहळू मूठ उघडली. मुठीत मोती नव्हता. तीन लालबुंद बोटं होती, आणि तर्जनीच्या टोकावर पाण्याने भरलेला एक मोठा फोड, गोल, पांढरट, तटतटलेला.

"अगं माझे आई!" काकू मागेच सरकल्या. "हे काय झालं पोरी?"

आईने आधी तो हात पाहिला. मग स्वतःचा पाहिला. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. तिला कळलं गं. आयांना कळतं. "शेवू," एवढंच म्हणाली आणि तिला पोटाशी धरलं.

त्याच क्षणी सूर्य मनोऱ्याआड गेला. पण अंधारलं नाही! बकुळीचं अख्खं झाड आतून पेटल्यासारखं उजळलं, सोनेरी, पोपटी, गुलाबी. पानापानातून लुकलुकी खाली उतरली, सगळ्यांना दिसेल अशी, आणि तिने शेवूच्या बोटाच्या टोकावर इवलासा पापा दिला. फोड चमकला. आधी दुधाळ झाला, मग गुलाबीसर, मग टपोरा... आणि टप! बोटावरून सुटला आणि काकूंच्या मेंदी लावलेल्या तळव्यावर जाऊन पडला.

मोती!

शेवूची बोटं बरी. आग गेली. डागसुद्धा नाही.

"पण माझ्या गाठी तर संपल्या होत्या," शेवू पुटपुटली. "हा कुठून सुटून आला?"

"तुझ्यातूनच," लुकलुकी हसली. "चौथा नियम आहे एक. जो स्वतःचं सोडून देतो, त्याचं परत येतं. पण तो आधी सांगायचा नसतो, नाहीतर सगळेच हिशेब करून सोडतील ना!" आणि तिने पंख एकदा मिटले, एकदा उघडले, आणि एवढा लख्ख उजेड झाला की सगळ्यांनी डोळे झाकले. उघडले तेव्हा नुसता बकुळीचा सडा. परी नाही!

काकूंनी खाली बसून शेवूचे दोन्ही हात हातांत घेतले. "मी मूठ उघडायला लावली गं तुला. चुकलं माझं."

"काकू, हा तुमच्या सासूबाईंचा मोती नाही पण," शेवू म्हणाली. "तो अजून बागेतच आहे कुठेतरी. मी रोज शोधेन."

"नसू दे. हा ऊबदार आहे बघ, अजून ऊबच आहे त्याला."

आईने एकसष्टावा मोती ओवला. गाठ मारली. शेवटची. मग त्या तिघी एका स्कूटरवर, हो, तिघी! शेवू मध्ये, माळ तिच्या ओंजळीत. मुहूर्ताला पाच मिनिटं असताना मृण्मयीच्या गळ्यात माळ पडली. आणि मांडवात सगळ्यांनी पाहिलं, नवरी सारखी त्या एकाच मोत्याला बोट लावत होती. कुणी विचारलं की सांगत होती, "हा ना, कारंजेबागेतल्या त्या ताईंच्या लेकीचा." दुसऱ्या दिवसापर्यंत कुठलं, मांडवातच पाच बायकांनी आपल्या माळा ओवायला द्यायचं कबूल केलं! आणि आईने त्याच रात्री फडकं ओलं करून, पिळून, शेवूच्या हातात दिलं. "उद्यापासून तू माझ्या शेजारी बसायचं. नुसती राखण नाही."

आता एक सांग मला. पण खरं खरं हं, उगाच चांगलं दिसावं म्हणून नको. तात्या तिथे गवतात गुडघ्यावर बसलेत, साडेपाचला काकू यायच्यात, मोती तुझ्या बंद मुठीत आहे, आणि चौथा नियम तुला कुणी सांगितलेला नाहीये. तू काय केलं असतंस गं?